सड्यावरचा कंदील

श्रावणातल्या एका रविवारी पहाटे साताऱ्याच्या पेठेतून एक मोटार निघाली. गाडीत चौघे मित्र होते. एकाचा भुसार मालाचा व्यापार, दुसऱ्याचे कापडाचे दुकान, तिसऱ्याची औषधांची एजन्सी, आणि चौथे महाविद्यालयात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. पहिले तिघे एकमेकांना ‘शेठ’ म्हणतात आणि चौथ्यास ‘सर’. पिशवीत खाकरे, शेव, कोरडी चटणी आणि उकळून गार केलेले पाणी. नवकारशी झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही आणि दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचायचे, एवढे दोनच नियम निघताना ठरले होते. तिसरा नियम भुसार शेठजींच्या आईने उंबरठ्यावर घातला.

आईंचे वय पंच्याऐंशी. चातुर्मासात त्या गावाची वेस ओलांडत नाहीत. मुलगा चार महिन्यांत डोंगरावर निघाला, तोही फुले पाहायला, हे त्यांना रुचले नव्हते. परंतु त्यांनी अडवले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “फुलांचे फोटो काढणार, ते ठीक. पण त्या वेळी तुमचे पाय कुठे असतील?”

प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर गाडीतल्या कोणाजवळही तयार नव्हते. साधू-साध्वी पावसाळ्यात विहार थांबवून एका ठिकाणी राहतात, त्यामागचे कारण प्रत्येक जैन घरात मुलांना सांगितलेले असते. पावसाने जमीन सजीव होते. तृण, शेवाळ, किडा-मुंगी यांनी वाट भरून जाते, आणि कितीही जपून पाऊल टाकले तरी हिंसा टळत नाही. गृहस्थाला तेवढे बंधन नाही. पण जयणा त्यालाही सुटलेली नाही. पावसाळी सहलींचा आनंद लुटणाऱ्या आपल्या तरुण पिढीला हा प्रश्न कोणी विचारत नाही, हेही खरेच.

सरांनी गाडीत त्याचे उत्तर शोधून काढले. “आपण सड्यावर जातोय. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. तिथे उघडा खडक असतो आणि गुरांच्या पायवाटा असतात. या दोहोंखेरीज कुठेही पाय ठेवायचा नाही. खडकावरून हात पोहोचेल तेवढाच फोटो. नाही पोहोचला, तर तो आपला नव्हता असे समजायचे.”

सातारा परिसरात फुलांचा विषय निघाला की कासचे नाव पहिल्याने येते. सुमारे बाराशे मीटर उंचीवरचे ते पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. आठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची तेथे नोंद आहे. परंतु त्या यादीपाठोपाठ गर्दीही आली. आता तेथे प्रवेशशुल्क आहे, नोंदणी आहे, आखलेल्या वाटा आहेत, आणि हे सारे असूनही हंगामातल्या सुट्टीच्या दिवशी वाहनांच्या रांगा लागतात. हे चौघे पूर्वी दोनदा तेथे जाऊन आले होते. या वेळी सरांनी एका निनावी सड्याकडे गाडी वळवली. तो सडा कोणत्या तालुक्यात आहे, हे या लेखात येणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

गाडी खाली देवळापाशी लावून ते तासाभरात वर पोहोचले. धुके होते. पायाखाली काळपट तांबडा, भोके पडलेला खडक, आणि त्या खडकाच्या खळग्यांत बोटभर माती. या मातीत नत्र नाममात्र. पाऊस चार महिने ती धुऊन नेतो आणि उरलेले आठ महिने ऊन तिला भाजते. शेतकरी अशा जमिनीला पड म्हणेल. व्यापारी तर तिच्याकडे पाहणारही नाही. आणि नेमके येथेच, इतर झाडांना जगणे अशक्य म्हणून, अशा वनस्पती टिकून राहिल्या आहेत ज्यांना दुसरीकडे कोठेही जागा नाही.

खळग्यांतल्या पाण्याकाठी निळ्या-जांभळ्या फुलांचा पट्टा होता. लोक याला सीतेची आसवे म्हणतात. कापडवाले शेठजी खडकावर पालथे झोपून मोबाईलने त्यांचे फोटो काढू लागले, तेव्हा सर म्हणाले, “नाव मोठे करुण आहे, पण ही बाई साधी नाही. हिच्या मुळांसारख्या तंतूंवर बारीक पिशव्या असतात. पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढून घेऊन ती पचवते. मातीत नत्र नाही, मग ती ते असे मिळवते.” शेजारीच दवबिंदूचे रोप होते, चिकट थेंबांनी लखलखणारे, आणि एका थेंबात अडकलेले चिलट अजून पाय हलवत होते. औषधवाले शेठजी ते सोडवायला वाकले आणि थांबले. “सोडवू का, सर?” सरांनी उत्तर दिले नाही. शेठजींनी काडीच्या टोकाने प्रयत्न केला. पण चिलटाचे पंख थेंबातच राहिले. त्यानंतर बराच वेळ ते कोणाशी बोलले नाहीत.

पुढे सोनकीची पिवळी पखरण होती, तेरडा होता, गेंदाची पांढरी बटणे होती. ही फुले सर्वांच्या ओळखीची. त्यांचे फोटो पुष्कळ निघाले आणि सारखेच निघाले. साडेनऊच्या सुमारास धुके उठले आणि भुसार शेठजी एका कपारीशी थबकले. पोत्यातून मूठभर नमुना काढून त्यात खडा शोधण्यात त्यांचा जन्म गेला. गवतात गवत नसलेले काहीतरी आहे, हे त्यांच्याच नजरेला दिसले.

जेमतेम वीतभर उंचीचे सरळ रोप होते. पाने गवतासारखी अरुंद, आणि त्या पानांच्या बगलेत जांभळट छटेचे एकच फूल. बुडाशी फुगीर कुपी, वर निमुळती नळी, आणि नळीच्या तोंडावर पाच पाकळ्या टोकाशी एकत्र जुळलेल्या. जणू कोणी बोटाएवढा कंदील टांगून ठेवला होता.

सर गुडघे टेकून बसले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. मग म्हणाले, “शेठ, हे तुमच्या आडनावाचे फूल आहे.”

मंडळींना वाटले, सर थट्टा करतात. ती थट्टा नव्हती. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव सेरोपेजिया जैनी. मराठीत या गणातल्या साऱ्या जातींना मिळून कंदीलपुष्प म्हणतात. काहींना खरपुडी असेही नाव आहे. लिनियस याने १७५३ साली या गणाचे नाव ठेवले, ते मेण आणि कारंजे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून. मेणाच्या दिव्यांच्या झुंबरासारखी दिसणारी त्याची फुले त्याच्या मनात होती. म्हणजे युरोपातल्या माणसालाही हे फूल पाहून दिवाच आठवला. भारतात या गणाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी बहुतेक भारताबाहेर कोठेही उगवत नाहीत. सह्याद्री हे त्यांचे मोठे घर.

या सड्यावरच्या जातीचे वर्णन अन्सारी आणि कुलकर्णी या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८० साली प्रसिद्ध केले आणि तिला डॉ. सुधांशु कुमार जैन यांचे नाव दिले. डॉ. जैन हे त्या काळी भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेचे संचालक होते. आदिवासी आणि ग्रामीण समाज कोणत्या वनस्पती कशासाठी वापरतात याचा पद्धतशीर अभ्यास त्यांनी या देशात रुजवला. लोकवनस्पतिशास्त्राचे भारतातील जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. देशातील कोणत्या वनस्पती नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत याचा एक आरंभीचा आढावा त्याच १९८० साली प्रसिद्ध झाला, त्याच्या दोन लेखकांपैकी ते एक होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. देवळांच्या जीर्णोद्धाराच्या फलकांवर कोरलेली नावे आपल्या समाजाला पाठ असतात. सह्याद्रीच्या खडकावर दरवर्षी पावसाळ्यात उमलणारे हे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या फुलाची रीत सरांनी तेथेच बसून समजावली. फुलाच्या सूक्ष्म गंधाने बारीक माश्या येतात आणि नळीतून खाली कुपीत उतरतात. नळीच्या आत खाली झुकलेले केस असतात. उतरायला ते वाट देतात, वर चढू देत नाहीत. माशी आत कोंडली जाते. ती तेथे फिरत राहते आणि परागांचे पुंज तिला चिकटतात. मग केस सुकतात, फूल कलते, दार उघडते आणि माशी बाहेर पडून दुसऱ्या कंदिलात शिरते.

“म्हणजे मारत नाही?” औषधवाल्या शेठजींनी विचारले.

“नाही. थोडा वेळ कोंडून ठेवते आणि काम झाले की सोडते.”

त्यांचा चेहरा सकाळनंतर प्रथमच मोकळा झाला. मनुष्याने वनस्पतींवर असे गुणदोष लादू नयेत, असे शास्त्र सांगते. पण हिरव्या ओल्या खडकावर बसलेल्या माणसाला ते नेहमी पाळता येत नाही.

या रोपाचा जीव जमिनीखाली असतो. पावसाळा संपला की वरचा भाग वाळून नाहीसा होतो आणि कंद मातीत झोपून राहतो. पुढच्या पावसात तोच पुन्हा फुटतो. या गणातल्या काही जातींचे कंद गुराखी पोरे पूर्वापार उकरून खात आली आहेत. साळिंदर आणि रानडुक्कर यांनाही ते आवडतात. जैन स्वयंपाकघरात कंदमूळ वर्ज्य. एका देहात अनंत जीव, अशी त्यामागची समजूत. ज्या घरात बटाटा येत नाही त्या घरच्या माणसांकडून या कंदाला भय नाही, असे भुसार शेठजी हसत म्हणाले. त्यांना पुढे ते वाक्य अनेकदा आठवले.

फोटो खडकावरूनच निघाले. शेठजींनी एक हात दगडाला धरून आणि अंग बाहेर झोकून काढलेला फोटो सर्वांत चांगला आला. त्यात नळीतले केससुद्धा दिसत होते. निघण्यापूर्वी सरांनी सर्वांच्या मोबाईलमधली स्थळाची नोंद बंद करवली आणि बजावले, “फोटो दाखवा, नाव सांगा. जागा सांगू नका. दुर्मीळ कंद उपटून कुंडीत लावणारे लोक आहेत. विकणारेही आहेत.”

रात्री चौविहार झाल्यावर शेठजी गादीवर बसले आणि त्यांनी तो फोटो समाजाच्या एका व्हॉट्सॲप गटात टाकला. आपल्या नावाचे फूल, डॉ. जैन, सह्याद्री, सारे उत्साहाने लिहिले. पाच मिनिटांत चाळीस अंगठे आले. मग कोणीतरी विचारले, “शेठ, कुठे बघायला मिळेल?” त्यावर शेठजींनी, कोणी गिऱ्हाईक पत्ता विचारते तेव्हा जशी खूण सांगतात तशी, सविस्तर खूण सांगितली. अमुक गाव सोडल्यावर देऊळ, देवळामागून पायवाट, वर गेल्यावर डावीकडची कपार. त्यात वाईट हेतू नव्हता. विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, या संस्कारात वाढलेल्या माणसाच्या हातून हे घडले. सर त्या गटात नव्हते.

दरम्यान पर्युषण आले आणि गेले. शेठजींनी अठ्ठाई केली. संवत्सरीला साडेतीनशे जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’चा संदेश एका क्षणात पाठवला. पारणे झाल्यावरच्या रविवारी चौघे पुन्हा त्या सड्यावर निघाले. फुलानंतर शेंगा धरल्या असतील तर त्यांचाही फोटो घ्यायचा होता.

देवळापाशी चार मोटारी उभ्या होत्या. वर जाणारी पायवाट रुंद झाली होती आणि तिच्या दोन्ही अंगांचे गवत झोपले होते. वर सोनकी तुडवून फोटोसाठी बसलेल्यांचे वाफे दिसत होते. कपारीशी पोहोचल्यावर शेठजींना रोप सापडेना. आधी वाटले, जागा चुकली. मग सरांनी बोटाने दाखवले. तेथे ओंजळभर आकाराचा खड्डा होता आणि त्यात पावसाचे पाणी साचले होते.

“डुकराने खाल्ले असेल,” कापडवाले शेठजी म्हणाले. सर्वांना ते खरे असावे असे वाटत होते.

म्हशी घेऊन आलेला एक म्हातारा गुराखी जवळच उभा होता. त्याने काठी टेकून खड्डा पाहिला. “डुकरानं उकरलं आसतं तर माती लांबवर उडाली आसती, शेट. आन् सोंड घालतंय ते, आसं गोल कापत न्हाई. ह्ये खुरप्याचं काम हाय. गेल्या आयतवारी लई मान्सं आल्ती.”

शेठजी खडकावर बसले. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि सरांपुढे धरला. सरांनी तो संदेश वाचला, परत दिला आणि काही बोलले नाहीत. शेठजींनी मूळ संदेश पुसून टाकण्याचा प्रयत्न केला. तो पुसण्याची वेळ केव्हाच टळली होती. शिवाय तो आणखी किती गटांत पुढे गेला, हे कळण्यास मार्ग नव्हता. आडतीवर चुकीचा भाव सांगितला तर फरक खिशातून भरून देता येतो. येथे फरक कोणाला भरून द्यायचा, हे त्यांना सुचेना.

मग व्यापाऱ्याला सुचते तेच त्यांना सुचले. “सर, या कपारीला तारेचे कुंपण घालू. सगळा खर्च माझा.”

“कासला घातले होते, शेठ,” सर म्हणाले. “गर्दी आवरण्यासाठी घातले आणि काही वर्षांनी काढावे लागले. गुरे आत जाईनात, गवत माजले, फुले कमी झाली, असे तिथले लोक सांगत होते. या फुलांचे गुरांशी जुने नाते आहे. गुरे गवत खातात म्हणून बुटक्या रोपांना ऊन मिळते. आणि दुसरे असे की, कुंपण दिसले की इथे काहीतरी आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही कळेल.”

राखीव वनातून रोप उपटणे १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे. तो सडा मात्र गावातल्या लोकांच्या मालकीचा. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध आणि कोणत्या पुराव्यावर? खड्ड्याशिवाय हाती काही नव्हते.

गुराखी ऐकत होता. त्याला त्या रोपाचे शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. शेठजींच्या मोबाईलमधला फोटो पाहून तो म्हणाला, “ह्ये व्हय? ह्ये आजून हाय की.” आणि म्हशी तशाच सोडून तो त्यांना बाजूला घेऊन गेला. पायवाट सोडून नाही. पायवाटेनेच, एका कपारीआड. तेथे आणखी दोन रोपे होती. एकाला फूल होते. दुसऱ्याला बारीक शेंगांची जोडी लागली होती, वासराला नुकती फुटलेली शिंगे असावीत तशी.

तेथे कोणी मोबाईल बाहेर काढला नाही.

परत येताना शेठजींनी गुराख्याच्या हातात पाचशेची नोट ठेवली. त्याने ती घेतली नाही. “राखायला न्हाई पैसं लागत. मी रोज हितंच आसतो. तुमी फकस्त मान्सं पाठवू नका,” असे म्हणून तो म्हशींमागे गेला. मोबाईल क्रमांक मात्र त्याने घेतला, आणि शेठजींनी त्याचा घेतला.

घरी आल्यावर आईंनी विचारले, “झाले का फोटो?” शेठजींनी सारे सांगितले, खूण लिहिली तेही सांगितले. आईंनी माळ बाजूला ठेवली. संवत्सरीला क्षमा मागताना माणूस सर्व जीवांची मागतो, त्यात एकेंद्रिय जीवही आले, एवढे त्या म्हणाल्या आणि पुन्हा माळ हाती घेतली. शेठजींनी त्या रात्री गटावर आणखी एक संदेश लिहिला. साडेतीनशे जणांना एका क्षणात गेलेल्या संदेशापेक्षा तो लिहायला फार वेळ लागला. रोप उपटले गेले, ते माझ्या सांगण्यामुळे, असे त्यात स्पष्ट होते. त्याला अंगठे थोडे आले. एका तरुणाने मात्र रात्री उशिरा खाजगीत लिहिले, की त्याच्या मित्रांपैकी एकाच्या गच्चीवर कुंडीत असे काहीतरी आहे आणि ते सुकत चालले आहे.

सरांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन ती कुंडी आणली. बागेची काळी माती आणि रोजचे पाणी यांनी कंद नरम पडला होता. सरांनी तो काढून जांभ्याच्या चुऱ्यात ठेवला. तो जगेल का, याविषयी ते काही सांगत नाहीत.

ऑक्टोबरच्या अखेरीस भुसार शेठजींना दुकानात फोन आला. “शेट, शेंगा फुटल्या. रुईवानी कापूस उडतोया.” कंदीलपुष्प हे रुईच्याच कुळातले, त्याच्या बियांनाही रेशमी शेंडी असते आणि वारा तिला वाटेल तेथे नेतो. शेठजींनी गिऱ्हाईक समोर असतानाच त्याला दोनदा विचारले, वारा कोणत्या अंगाचा होता. सड्याकडे होता की दरीकडे? गुराखी म्हणाला, “दोन्हीकडं.”

पहिल्या फोटोची प्रत आता दुकानात गादीमागे, वडिलांच्या तसबिरीखाली लावलेली आहे. खाली डॉ. जैन यांचे नाव आणि फुलाचे नाव. नव्या गिऱ्हाइकाची नजर तिकडे गेली की शेठजी उत्साहाने सारी हकिकत सांगतात. माशी कशी कोंडली जाते आणि कशी सुटते, हे हातवारे करून दाखवतात. हे कुठे मिळते, असा प्रश्न आला, की “सह्याद्रीत” म्हणतात आणि गुळाची ढेप काट्यावर ठेवतात.